हिऱ्याचं पाणी, माणसाचं पाणी

फौजी माणूस म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेला, असं आपल्याकडे म्हणतात. माझी गावं बारापेक्षा जास्तच झाली. पण ‘पाणी’ या शब्दाचा एक जुना अर्थ मला कळला तो हैदराबादच्या पोस्टिंगमध्ये, आणि तोही हिऱ्यांच्या निमित्ताने. ती हकिकत आज लिहितो. इतिहास जास्त आहे, माझी गोष्ट थोडी आहे. पण दोन्ही एकमेकांत अडकलेल्या आहेत, त्यामुळे सोबतच सांगावं लागेल.

वीसेक वर्षं झाली. मी तोफखान्याचा हवालदार, आणि रंगरुटांना शिकवण्याचं काम माझ्याकडे. पोरं ‘उस्ताद’ म्हणायची. दर पंधरवड्याला प्रत्येकाच्या नावापुढे एक शेरा लिहायचा असे. जागा जेमतेम एका शब्दाची. ‘मेहनती’, ‘ठीक’, ‘ढिला’ असे चार-पाच शब्द पेनाच्या टोकावर तयारच असायचे. त्या बॅचमध्ये कर्नूल जिल्ह्यातला एक तेलुगू पोरगा होता. हुकूम सुटला की सगळी स्क्वाड हलायची आणि हा अर्धा सेकंद मागे. रोज. त्याच्या नावापुढे मी ‘मंद’ लिहिलं. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा ‘मंद’. तिसऱ्यांदा तोच शब्द गेला असता तर तो रेलिगेट झाला असता, म्हणजे त्याला मागच्या बॅचमध्ये टाकलं असतं. आणि मागे पडलेली पोरं पुष्कळदा तिथेच मनाने हरतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

त्याच दिवसांत एका रविवारी गोवळकोंड्याचा किल्ला बघायला गेलो. फतेह दरवाजापाशी टाळी वाजवली की ती वर बालाहिसारापर्यंत ऐकू येते, हे सगळ्यांप्रमाणे मीही करून पाहिलं. शेजारी एक गाइड पर्यटकांना सांगत होता, “यहीं पर हीरे की खान थी.” मी मान डोलावली. कोहिनूर गोवळकोंड्याचा, एवढं तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

पुढे लायब्ररीत टॅव्हर्निये हाती लागला, तेव्हा कळलं की गोवळकोंड्याला खाण नव्हतीच. झां बाप्तिस्त टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या. सतराव्या शतकात तो व्यापारासाठी पुन्हा पुन्हा पूर्वेकडे आला, खाणींवर स्वतः गेला, आणि १६७६ साली त्याने आपलं प्रवासवर्णन छापलं. तो लिहितो की रावळकोंड्याची खाण गोवळकोंड्यापासून पाच दिवसांच्या वाटेवर, आणि कोल्लूरची खाण पूर्वेला सात दिवसांच्या वाटेवर. कोल्लूर कृष्णेच्या काठी. तिथे साठ हजारांच्या आसपास माणसं राबत होती, बायका आणि मुलं धरून. गोवळकोंडा ही राजधानी. हिरे तिथे येत, विकले जात आणि पुढे जात. बाजाराचं नाव मालाला चिकटलं आणि माती खणणाऱ्यांच्या गावांची नावं मागे राहिली. इंग्रजीत तर ‘गोलकोंडा’ हे सामान्य नाम झालं. अर्थ काय, तर अपार संपत्तीचा साठा.

म्हणजे हिऱ्याविषयीचा माझ्या माहितीतला पहिलाच शब्द फसवा निघाला. मग बाकीच्या शब्दांचं काय, या उत्सुकतेने मी त्यांच्या मागे लागलो.

सर्वात जुना शब्द आपला, फौजीचा. वज्र. आधी ते इंद्राचं हत्यार, दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडवलेलं. मग तोच शब्द हिऱ्याला लागला. ग्रीकांनी याच दगडाला ‘अदामास’ म्हटलं, म्हणजे ज्याला नमवता येत नाही तो. त्यातूनच अरबी-फारसी ‘अल्मास’ आला आणि इंग्रजी ‘डायमंड’ही. दोन्हीकडच्या लोकांना दगडात आधी दिसला तो दणकटपणा. चकाकी नंतरची. यात नवल नाही, कारण पैलू पाडायची विद्या फार पुढची. खाणीतून निघालेला हिरा बहुधा दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा अष्टफलक असतो, आणि तो बराचसा तसाच वापरला जाई.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशागाराच्या प्रकरणात चांगल्या वज्राची लक्षणं दिली आहेत. ती वाचताना एखाद्या शस्त्राची तपासणी वाचल्यासारखं वाटतं. हिरा मोठा असावा, जड असावा, घाव सोसणारा असावा, त्याची टोकं सारखी असावीत, भांड्यावर ओरखडा उठवणारा असावा, चातीसारखा फिरणारा असावा आणि तेजस्वी असावा. ज्याचे कोपरे गेले, धार गेली किंवा जो एका बाजूला कलला, तो वाईट. बघा, तेज यादीत सर्वात शेवटी आहे.

‘घाव सोसणारा’ या गुणाने पुढे मात्र घोटाळा केला. खरा हिरा घणाखाली फुटत नाही अशी समजूत आपल्याकडेही पसरली आणि युरोपातही. ती चुकीची आहे. हिरा कठीण असतो, म्हणजे त्याला दुसरा दगड ओरखडू शकत नाही. मोह्‌सच्या कोष्टकात त्याचा आकडा १०, सर्वात वरचा. पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. स्फटिकाच्या चार ठरावीक दिशा अशा असतात की त्या रेषेत नेमका फटका बसला तर हिरा सरळ दुभंगतो. कारागीर याच गुणाचा उपयोग करून तो फोडतात. घणाच्या परीक्षेत किती खरे हिरे चुरा होऊन ‘खोटे’ ठरले असतील, याचा हिशेब कुणाकडे असणार? ट्रेनिंगमध्येही काही उस्ताद घणाचीच परीक्षा घेतात. मीही घ्यायचो.

वज्र हा शब्द आपल्या गणवेशापर्यंत आला आहे. परमवीर चक्रावर मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं आहेत. त्याचं डिझाइन केलं सावित्रीबाई खानोलकरांनी. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या, आणि सैन्यातल्या विक्रम खानोलकरांशी लग्न करून मराठी घरात आलेल्या. देशाचा सर्वोच्च युद्धसन्मान काशाचा आहे. त्यात हिऱ्याची कणीसुद्धा नाही, पण वज्र आहे. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीला आपल्या तोफखान्यात के-९ ही स्वयंचलित तोफ दाखल झाली, तिचंही नाव ‘वज्र’. मी तोवर निवृत्त झालो होतो. बातमी वाचून छाती फुगली आणि कौटिल्याचा ‘घाव सोसणारा’ आठवला.

शब्दांचा दुसरा गट वजनांचा, आणि ही सगळी वजनं आली झाडांवरून. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ धरला आहे, आणि वीस तांदळांच्या वजनाच्या उत्तम हिऱ्याची किंमत दोन लाख दिली आहे. रती म्हणजे गुंज, लाल अंगाची आणि काळ्या डोळ्याची. कॅरेट हा शब्द ग्रीक ‘केरातिऑन’वरून अरबी ‘किरात’मार्गे आला. केरातिऑन म्हणजे लहानसं शिंग. कॅरोबच्या झाडाची शेंग शिंगासारखी दिसते, म्हणून तिच्या बीला ते नाव. आज १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हे १९०७ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. त्याआधी शहरागणिक कॅरेट थोडा वेगळा होता.

दख्खनच्या खाणींवर ‘मंजाडी’ नावाचं बी चाले. आपण त्याला थोरली गुंज म्हणतो, तुकतुकीत लाल. युरोपियनांनी त्याचं ‘मँजेलिन’ केलं. टॅव्हर्नियेने या वजनाचा जो हिशेब दिलाय, तो वाचून मी दचकलो. रावळकोंडा आणि कोल्लूरच्या खाणींवर एक मँजेलिन म्हणजे ७ ग्रेन. तेच गोवळकोंडा आणि विजापूरच्या राज्यांत साडेपाच ग्रेन. आणि गोव्यात पोर्तुगीजांकडे, नाव तेच, पण फक्त ५ ग्रेन. खाणीवर ‘दहा मँजेलिन’ म्हणून घेतलेला हिरा गोव्यात चौदा मँजेलिनचा होई. दगड तोच, शब्द तोच, पण मधे कुणाचा तरी खिसा भरला.

तोफखान्यातल्या मित्रांना हे लगेच कळेल. आपल्याकडे कोन ‘मिल’मध्ये मोजतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या साइटवर पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल, रशियन पद्धतीच्या साइटवर ६०००. दोन्हीकडे शब्द ‘मिल’च. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या तोफेवर लावला तर गोळा कुठे जाईल हे सांगायला नको. म्हणून आपण आकड्यासोबत पद्धत विचारतो. नुसता शब्द ऐकून हलत नाही.

पुढचा गट दोषांचा. इथे तर मला माझीच वही दिसली. आपल्या जुन्या रत्नशास्त्राच्या ग्रंथांत हिऱ्याच्या दोषांना नावं आहेत. बिंदू म्हणजे ठिपका. रेखा म्हणजे चीर. यव म्हणजे जवाच्या दाण्यासारखा डाग. मल म्हणजे आतला गढूळपणा. आणि काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी तीन फाट्यांची खूण. वराहमिहिर माशी आणि केससुद्धा सांगतो, म्हणजे हिऱ्याच्या आत माशीसारखं किंवा केसासारखं काही दिसणं. किती नेमके शब्द आहेत हे! ‘वाईट हिरा’ म्हणून ते लोक थांबले नाहीत. दोष कुठे आहे, कसा दिसतो, किती आहे, हे शब्दातच सांगितलं.

पण याच ग्रंथांनी एक दुसरी गोष्टही केली. त्यांनी हिऱ्यांना जाती दिल्या. पांढरा ब्राह्मण, तांबूस क्षत्रिय, पिवळा वैश्य, काळा शूद्र, आणि ज्याने त्याने आपापल्या वर्णाचा घालावा. दोष सांगताना ज्यांचे डोळे इतके उघडे, त्यांनीच रंग पाहून एका दगडाला जन्मभराचं स्थान देऊन टाकलं. शब्दाने नीट बघताही येतं आणि शब्दाने बघणं थांबवताही येतं. मी लिहिलेला ‘मंद’ यातला कुठला, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा टोचला.

आता पाण्याकडे येतो.

टॅव्हर्निये सांगतो की युरोपात कच्चा हिरा दिवसाउजेडी पारखतात, पण हिंदुस्थानात रात्री. भिंतीत हातभर चौकोनी कोनाडा करून त्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा आणि बोटांच्या चिमटीत हिरा धरून त्या उजेडात त्याचं ‘पाणी’ बघायचं. पाणी म्हणजे पारदर्शकता आणि तेज, दोन्ही मिळून. ज्या पाण्यात निळसर झाक असते ते तेव्हा सर्वात हलकं मानत. ती झाक कच्च्या दगडात दिसत नाही. घासायला घेतल्यावर जराशी शंका आली की हिरा दाट पानांच्या झाडाखाली न्यायचा. हिरव्या सावलीत निळेपणा लपत नाही.

अरबीत हिऱ्याच्या या गुणाला ‘मा’ म्हणतात, फारसीत ‘आब’. दोन्हींचा अर्थ पाणी. इंग्रजीत उत्तम हिऱ्याला ‘पहिल्या पाण्याचा’ म्हणायची रीत पडली, ती याच पूर्वेकडच्या बाजारातून. जवाहिऱ्यांचा हा शब्द आपल्या मराठीत मात्र दुकानात राहिला नाही, माणसांत येऊन बसला. पाणीदार हिरा तसा पाणीदार घोडा, पाणीदार डोळे. एखाद्याचं पाणी जोखायचं, एखाद्याला पाणी दाखवायचं. तलवार तापवून विझवली की तिला पाणी दिलं म्हणतात. फारसी ‘आब’ तर आणखी खोल गेली. माणसाची आब राहते किंवा जाते. आणि आबरू म्हणजे ‘आब-ए-रू’, चेहऱ्याचं पाणी. दिव्यासमोर दगड धरणाऱ्या माणसाचा शब्द आपण थेट अब्रूपर्यंत नेला.

गोवळकोंड्याच्या त्याच किल्ल्यात या शब्दाची परीक्षा झाली होती. या कुतुबशाहीशी आपलं नातं होतं. १६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला आले होते आणि अबुल हसन कुतुबशहाशी त्यांनी करार केला होता. दहा वर्षांनी औरंगजेबाने किल्ल्याला वेढा घातला. जवळजवळ आठ महिने किल्ला पडेना. सुरुंग लावले, तटावर चढायचा प्रयत्न झाला, काही चालेना. शेवटी सप्टेंबर १६८७ मध्ये अब्दुल्ला खान पन्नी नावाच्या सरदाराने पैसे खाऊन आतून दार उघडलं. त्याच वेळी अब्दुर्रझाक लारी हाही एक सरदार किल्ल्यात होता. त्यालाही बादशहाचं आमिषाचं पत्र आलं होतं. ते त्याने सगळ्यांसमोर फाडलं. शत्रू आत शिरल्यावर मूठभर माणसांनिशी तो एकटा दरवाजाकडे धावला. अंगावर सत्तरच्या आसपास जखमा झाल्या. तो सापडला तेव्हा औरंगजेबाने स्वतः त्याच्यासाठी वैद्य पाठवले आणि तो वाचला. ही हकिकत मोगलांकडच्याच खाफीखानाने लिहून ठेवली आहे. वेढ्याच्या आदल्या दिवसापर्यंत दोघांनाही एकाच शब्दाने ओळखत असतील, सरदार. पाणी कुणात किती, ते दार उघडल्यावर दिसलं.

हिऱ्यांच्या बाजारातली माणसं मात्र शब्दांवर फारसा भरवसा ठेवत नसत. टॅव्हर्नियेने रावळकोंड्याचं जे वर्णन केलंय ते मला फार आवडतं. सकाळी गावातल्या मोठ्या झाडाखाली व्यापाऱ्यांची मुलं येऊन बसत, दहा ते पंधरा-सोळा वर्षांची. एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या होनांची. कुणी हिरा विकायला आणला की तो सर्वात मोठ्या मुलाच्या हातात जाई. तो बघे आणि शेजारच्याला देई. असा हिरा सगळ्यांच्या हातांतून फिरे. कुणी चकार शब्द काढत नसे. मग भाव ठरे. मोठ्या व्यापाऱ्यांचा सौदाही मुकाच. समोरासमोर बसायचं, हातावर शेल्याचं टोक टाकायचं आणि खाली बोटांनी बोलायचं. पूर्ण हात दाबला तर हजार, एक बोट शंभर, अर्धं बोट पन्नास, पहिलं पेर दहा. आपल्या बैलबाजारात हेडे उपरण्याखाली बोटं धरतात, तीच ही रीत.

हिरे बाहेर गेले तशी त्यांची नावंही बदलली. कोहिनूर हे फारसी नाव, प्रकाशाचा पर्वत. तो कोल्लूरचा असावा असं मानतात. १८४९ मध्ये तो इंग्रजांनी लाहोरच्या दलीपसिंग महाराजांकडून, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून घेतला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी गर्दी केली आणि बहुतेक जण हिरमुसून परतले, कारण तो त्यांना हवा तसा झगमगेना. आपल्याकडचे कारागीर दगडाचं वजन राखून घासत, त्यांना हवा होता लखलखाट. १८५२ मध्ये तो पुन्हा कापला. सुमारे १८६ कॅरेटचा होता, १०५.६ राहिला. पहिला पैलू पाडायला चाकावर हिरा धरला तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनने. हा तोच वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये असईला आपल्या फौजेशी लढाई केली. असई आपल्या जालना जिल्ह्यात. पर्वत निम्म्याजवळ झिजला, पण नाव मात्र पर्वतच राहिलं.

‘नस्साक’ नावाचाही एक हिरा आहे. हे नस्साक म्हणजे आपलं नाशिक. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असं परंपरेने सांगतात. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला आणि लुटीच्या हिशेबात विकला गेला. तोही पुढे कापला गेला, आज ४३.३८ कॅरेट आहे. देवळालीला असताना माझ्या कितीतरी संध्याकाळी नाशिकात गेल्या. जगभरच्या पुस्तकांत आपलं गाव असं चुकीच्या उच्चारात एका दगडावर बसलंय, याचा तेव्हा पत्ताच नव्हता.

मराठीने मात्र हिऱ्याचे शब्द आपल्या मापाने घडवले. पैलू पाडणं जवाहिऱ्याचं, पण आपण विषयाला पैलू पाडतो आणि गोलंदाजी-फलंदाजी दोन्ही करणाऱ्याला अष्टपैलू म्हणतो. हिरकणी म्हणजे हिऱ्याची बारीक कणी. पण हे नाव उच्चारलं की आपल्याला दगड आठवत नाही. आठवते ती रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेली गवळण. एसटी स्टँडवर बाळाला पाजायच्या खोलीवर ‘हिरकणी कक्ष’ लिहिलेलं असतं. हिऱ्याच्या शब्दाचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे कुठे झाला असेल असं मला वाटत नाही.

आजची भाषा वेगळी आहे. मुंबईच्या भारत डायमंड बोर्समध्ये गेलात तर काकपद आणि पाणी ऐकू येणार नाही. अमेरिकेतल्या रत्नसंस्थेने विसाव्या शतकाच्या मध्याला रंगाची श्रेणी ठरवली, डी ते झेड. ए, बी, सी मुद्दाम सोडले, कारण ती अक्षरं दुकानदारांनी मनमानी वापरून बिघडवली होती. दोष दहापट भिंगाखाली बघतात आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सुरतेचा कारागीर आणि न्यूयॉर्कचा व्यापारी यांना एका अक्षराचा अर्थ एकच लागतो. मँजेलिनसारखा घोळ उरला नाही, हे चांगलंच झालं. तरी लिलावात एखादा नायट्रोजनचा अंश जवळजवळ नसलेला, झऱ्याच्या पाण्यासारखा स्वच्छ हिरा आला की आजही व्यापारी सगळी अक्षरं बाजूला ठेवतात आणि म्हणतात, ‘गोलकोंडा’. आणि खुद्द कोल्लूर? त्या खाणींचा परिसर आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेला आहे.

आता त्या पोराचं सांगतो. तिसरा शेरा लिहायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला चहाला बोलावलं. डोक्यात हिरेच होते, म्हणून विचारलं, “तुमच्या बाजूला शेतात हिरे सापडतात म्हणे?” त्याचा चेहरा खुलला. जोन्नगिरी, तुग्गली या बाजूला पहिला पाऊस पडून गेला की आजही माणसं शेतांत खाली बघत फिरतात. माती धुऊन जाते आणि कधी एखादा खडा वर येतो. त्याची आजी दरवर्षी जायची. तोडक्यामोडक्या हिंदीत त्याने मला आजीची रीत सांगितली. “उस्ताद, गीला पत्थर सब चमकता है. सूखने दो, फिर देखो.”

मग मी विचारलं, हुकमावर उशीर का होतो? तो म्हणाला, “पहले हिंदी सुनता हूँ, फिर तेलुगू बनाता हूँ, फिर पैर चलता है.” अर्ध्या सेकंदात तो एवढं सगळं करत होता. मला तर तेलुगूतली एक ते दहासुद्धा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शेरा लिहिला, “हिंदी कच्ची, समज पक्की, भाषेची मदत द्यावी.” जागेत बसेना म्हणून कडेला लिहिलं. सुभेदार साहेबांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “हे पहिल्या पंधरवड्यात का नाही दिसलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा आपल्याच बॅचसोबत पास आउट झाला. पुढे तोफांच्या फायरिंगचे हिशेब करणाऱ्या टेक्निकल असिस्टंटच्या कामात त्याने नाव काढलं. त्या कामात अर्ध्या सेकंदाची चूक चालत नाही.

इथे थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. पण त्याच्या आधीच्या बॅचमध्ये आणखी एक पोरगा होता. त्याच्या नावापुढेही मी तीन पंधरवडे हाच शब्द लिहिला होता. त्याला मी चहाला बोलावलं नाही, काही विचारलंही नाही. तो रेलिगेट झाला आणि महिन्याभराने ट्रेनिंग सोडून घरी गेला. तो खरोखर मंद होता की आणखी काही होता, हे मला आज सांगता येत नाही, कारण तेव्हा मी बघितलंच नव्हतं. नुसता शब्द लिहिला होता.

माझ्या वाचकांत जुने उस्ताद पुष्कळ आहेत. तुमच्याही वहीत असा एखादा शब्द राहिला असेल तर कळवा.

जय हिंद.